अकरा पावलं उडालेली फटफटी

बुऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्यात माझं गॅरेज होतं, तेव्हा गिऱ्हाइकांची माझ्याबद्दल एक कायमची तक्रार होती. गाडी दुरुस्त करून बाहेर काढली की गिऱ्हाईक विचारायचं, "एकनाथ मिस्तरी, झाली ना ठीक?" आणि मी म्हणायचो, "चालवून बघा." पुन्हा विचारलं तरी तेच. कुणी म्हणायचं, मिस्तरीला स्वतःच्या कामाचाच भरवसा नाही. कुणी म्हणायचं, घमेंड आहे, सरळ उत्तर देणं कमीपणाचं वाटतं. मी कुणालाच काही सांगितलं नाही. आता गॅरेज बंद झालं, हात कापतात, आणि ज्यांच्यापुढे लाज वाटावी अशी माणसंही फारशी उरली नाहीत. म्हणून लिहितो.

या अंकाच्या संपादकांनी खरं तर गॅरेजमधल्या गमती मागितल्या होत्या. गमती आहेत. बुधवाऱ्यात कापसाचे एक दलाल होते. त्यांनी फटफटी घेतली ती चालवायला नव्हे, दिवाणखान्यात गादीशेजारी उभी करायला. वर्षातून एकदा, दसऱ्याला, तिला हार घालून मी ती चालू करून दाखवायची, बायकामुलांनी धूर बघायचा आणि पुन्हा वर्षभर चादर घालायची. एका वर्षी ती काही केल्या सुरू होईना. घाम निघेपर्यंत किका मारल्या, तेव्हा सायलेन्सरातून फट् करून सरकी, चिंध्या आणि उंदरांची दोन पिल्लं नव्या जावईबापूंच्या धोतरावर जाऊन पडली. दुसरे एक वैद्य होते, ते एकादशीला गाडीला पेट्रोल पाजत नसत. यंत्रालाही लंघन हवं, असं त्यांचं म्हणणं. मी पुष्कळ हसलो, पण गावात सगळ्यात जास्त वर्षं त्यांचीच गाडी टिकली, हे मान्य करायला हवं.

धंदा माझा साधाच. फटफटीच्या पोटात एक लोखंडी नळकांडं असतं, त्यात दट्ट्या खालीवर होतो, पेट्रोलचा भडका त्याला ढकलतो आणि ते ढकलणं साखळीनं मागच्या चाकापर्यंत जातं. बिघाड शोधायला मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचो आणि मूठ कानाशी धरायचो. कुठली बेअरिंग रडते, ते ऐकू येतं. बोटांनाही पुष्कळ कळतं, कारण सैल झालेला नट हाताखाली वेगळा थरथरतो. हे हातानं बघायचं मला ज्यानं शिकवलं, त्या माणसाचीच ही हकीकत आहे.

त्यांचं नाव भालेराव. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला एकनाथ. संस्थानं विलीन होत होती त्या दिवसांत ते बुऱ्हाणपुरात आले. त्यांचं संस्थान अगदीच लहान होतं. नाव लिहीत नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत. पण तिथल्या राजेसाहेबांना हौस भारी, आणि त्या हौसेपायी त्यांनी दोन माणसं बसतील असं एक विमान ठेवलं होतं. भालेराव त्या विमानाचे मिस्तरी. संस्थान गेलं, विमान लिलावात कुणीतरी नेलं, आणि भालेराव बायको-मुलीला घेऊन राजपुऱ्यात भाड्याच्या एका खोलीत राहायला आले. त्यांची सासुरवाडी इथलीच.

"सामावून घेणे" हा शब्द त्या काळात आम्ही इतका ऐकला की पुढे तो कानाला टोचायला लागला. संस्थानच्या नोकरांना नवं सरकार सामावून घेणार होतं. त्यासाठी एक तक्ता केलेला होता. डावीकडे जुना हुद्दा, उजवीकडे नवा. हत्तीच्या माहुताला जंगलात चौकीदार केलं. नगारा वाजवणाऱ्याला पोलिसांच्या बँडात घेतलं. विमानाच्या मिस्तरीसमोरची जागा बरेच महिने कोरी राहिली. शेवटी कुणा कारकुनानं, यंत्रावर काम केलेलं आहे एवढं वाचून, समोर लिहिलं, रोड रोलर चालक. भालेरावांनी तो कागद मला दाखवला तेव्हा मला हसू आलं. ते हसले नाहीत. ते म्हणाले, "एकनाथ, ज्या माणसानं सारी उमर वजन कमी करण्यात घालवली, त्याला हे लोक जगातल्या सगळ्यात जड गाडीवर बसवतायत."

त्यांनी ती नोकरी घेतली नाही. अर्ज करत राहिले. सरकारी विमानांच्या कारखान्यात मला घ्या, माझा हात बघा, एवढीच मागणी. उत्तर यायचं की संस्थानी नोकरीतला अनुभव तपासून घेता येत नाही. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की तपासता येईल असं काहीतरी करून दाखवावं. विमान कुठून आणणार? माझ्याकडे फटफटी होती.

लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या मोटारसायकली विक्रीला निघाल्या, त्यातली एक मी आणलेली होती. सुटे भाग जमवून, लोकांची कामं करता करता मी ती वर्षभरात उभी केली होती. माझी म्हणावी अशी तेवढी एकच चीज. भालेराव एक दिवस तिच्याभोवती फिरले, तिच्या इंजिनावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ही उडेल."

मला वाटलं, माणूस बिचारा सरकला. पण त्यांनी गॅरेजच्या फरशीवर खडूनं चित्र काढलं. दोन्ही बाजूंना बांबूच्या सांगाड्याचे, कापड ताणून बसवलेले पंख. पंख बिजागरीवर, म्हणजे रस्त्यानं जाताना मिटून पाठीशी बांधायचे. बसणाऱ्याच्या मागे सागवानी पंखा. इंजिनाची ओढ आधी चाकाला द्यायची आणि वेग आला की खटका ओढून पट्ट्यानं पंख्याला द्यायची. घराच्या दारातून निघावं, तापीच्या काठाला पंख उघडावेत, पुराच्या पाण्यावरून पलीकडे जैनाबादला उतरावं आणि पंख मिटून पुन्हा रस्त्यानं चालू लागावं. डॉक्टर, टपालवाला, तहसीलदार, उद्या प्रत्येकाकडे अशी एक असेल, असं ते सांगायचे. ते सांगताना त्यांचा आवाज चढायचा नाही. रेशनचं दुकान कुठे आहे ते सांगावं, तसं सांगायचे. म्हणून माझा विश्वास बसला.

गॅरेजच्या मागच्या पडवीत आम्ही सहा महिने काम केलं. माझी आई म्हणायची, त्या माणसाची नोकरी गेली ती गेली, आता तुझा धंदाही घालवणार. तिचं खोटं नव्हतं. गिऱ्हाइकांच्या गाड्या पुढे तशाच पडून राहायच्या आणि मी मागे बांबू तासत बसायचो. अडचण प्रत्येक गोष्टीला होती. फटफटीचं इंजिन धावताना लागणाऱ्या वाऱ्यानं गार होतं. पंखा मागे लावला की वाऱ्याची दिशा बदलते आणि ते चुलीसारखं तापतं. वजन तर कुठून कमी करावं तेच कळेना. भालेरावांनी मडगार्ड काढले, दिवा काढला, टाकी अर्धी कापून जोडली, स्वतःचं जेवण एक वेळेवर आणलं. मला वाटायचं पैशाची ओढाताण आहे म्हणून ते कमी खातात. एकदा वखारीतल्या काट्यावर उभे राहून ते आकडा बघत होते, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

कापडाचा प्रश्न सगळ्यात मोठा. विमानाच्या पंखाच्या कापडाला एक खास रोगण लावतात. त्यानं कापड आवळतं, नगाऱ्यासारखं ताठ होतं आणि वारा झिरपू देत नाही. ते रोगण बुऱ्हाणपुरात कुठलं मिळायला? तेव्हा मी करीमचाचांना आणलं. चाचा आमच्या गॅरेजमागे राहणारे विणकर. सुताला बळ यावं म्हणून विणकर त्याला खळ लावतात, म्हणजे पिठाची शिजवलेली पेज. चाचांच्या खळीचं कापड वाजवलं तर टणटण आवाज यायचा. भालेरावांनी ते बोटांनी वाजवून बघितलं, उन्हात धरून बघितलं आणि म्हणाले, चालेल. चाचांनी खास घट्ट विणीचं पातळ कापड विणलं, पंखांवर शिवलं आणि खळीचे हात दिले.

त्या वेळी भालेराव मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "एकनाथ, ही खळ आहे, रोगण नव्हे. पाणी लागलं की सैल पडेल. चाचांना नीट समजावून सांग." मी चाचांना सांगितलं की नाही ते मला आठवत नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला बजावलं. आठवतं. नाही सांगितलं. ज्या माणसानं जन्मभर कापड केलं त्याला कापडाचं मी काय सांगायचं, असं वाटलं असेल. किंवा गिऱ्हाईक आलं असेल.

दुसरी एक गोष्ट भालेरावांनी शिकवली, ती मी कधी विसरलो नाही. विमानाच्या कामातला तो दंडक होता. जो यंत्रावर बसणार, त्यानं आपलं यंत्र तयार आहे असं स्वतः म्हणायचं नाही. जमिनीवर राहणारा दुसरा माणूस यंत्राभोवती पूर्ण फेरी मारतो, प्रत्येक जोडावर, प्रत्येक तारेवर, कापडावर हात फिरवतो आणि मोठ्यानं "ठीक" म्हणतो. त्यानं ठीक म्हटलं नाही तर राजेसाहेब असले तरी खाली उतरायचं. भालेराव म्हणाले, "बसणाऱ्याला उडायची घाई असते. त्याच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो." आमच्या यंत्रासाठी तो दुसरा माणूस मी होतो.

होळी झाल्यावर एका रविवारी आम्ही तिघांनी ती शनवारा दरवाजाबाहेरच्या मोकळ्या रानात नेली. मी फेरी मारली, ठीक म्हटलं. गाडी उडाली हे डोळ्यांनी ओळखणार कसं, हा प्रश्न होता, कारण जमिनीपासून चार बोटं उचलली तर लांबून काय दिसणार? भालेरावांनी वाटेवर चुन्याची भुकटी पसरायला लावली. चाक जमिनीवर असेल तिथे खूण उमटेल. भालेरावांना घेऊन गाडी धावली, पंख्याचा आवाज झाला, धुळीत ती दिसेनाशी झाली आणि पुढे जाऊन थांबली. आम्ही चुन्यावर वाकून वाकून चाकाची खूण बघत चाललो. एका जागी ती संपली. पुढचा चुना जसाच्या तसा होता. मी पावलं टाकत गेलो. अकरा पावलांनंतर खूण पुन्हा सुरू झाली.

मी चुन्यात बसलो आणि रडलो. करीमचाचा नुसते "या अल्ला, या अल्ला" म्हणत होते. भालेराव इंजिनावर हात ठेवून उभे होते. ते फक्त म्हणाले, "तापतंय फार." माझ्या आयुष्यात यापेक्षा मोठा दिवस दुसरा आला नाही. लग्नाचासुद्धा नाही, आणि हे मी घरच्यांनी वाचलं तरी चालेल म्हणून लिहितो.

भालेरावांनी पुन्हा अर्ज केला, अकरा पावलांचा त्यात उल्लेख केला. या वेळी उत्तर आलं. तक्ता कायमचा बंद करण्यासाठी नागपूरहून एक साहेब वैशाखात दौऱ्यावर येणार होते. तेव्हा नागपूरच आमची राजधानी. साहेब शनवाऱ्याबाहेर येऊन यंत्र बघतील, समाधान झालं तर भालेरावांची शिफारस विमानांच्या कारखान्याकडे करतील, नाही तर रोलरचीच जागा पक्की समजावी आणि तीही नको असेल तर नाव कमी करावं. भालेरावांची मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिला त्यांनी सांगितलं, आपण विमानांच्या गावात राहायला जाणार. तिनं शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून टाकलं.

त्या दिवशी सकाळपासून रानात माणूस मावेना. राजपुरा, बुधवारा, सगळा बाजार लोटला होता. उसाच्या रसाची गाडी आली होती. "अरे भौ, ही फटफटी उडेल का खरंच?" "उडली तर मी मिशी उतरवतो." असं चाललं होतं. ऊन भाजून काढत होतं. साहेब दहाला यायचे ते आधीच आले. खुर्ची मांडली, छत्री धरली. भालेराव धुतलेला, इस्त्रीचा संस्थानी कोट घालून उभे होते. त्या उन्हात तो कोट अंगावर बघवत नव्हता. मीही स्वच्छ सदरा घालून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. साहेबांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण? मला वाटलं, आता नाव सांगतील. म्हणतील, याचीच गाडी, यानंच सहा महिने माझ्याबरोबर काम केलं. भालेराव इंग्रजीत काहीतरी म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाले, "कुछ नहीं साहब, पंक्चर बनाता है. गाड़ी पकड़ने को रखा है."

लोक हसले. साहेबही हसले.

आज मला कळतं की त्यांना भीती वाटत होती. यंत्र एकट्याचं आहे हे दाखवलं तरच नोकरी मिळेल, दोघांचं आहे म्हटलं तर साहेब म्हणतील मग तुमचा हात कुठला. आज कळतं. तेव्हा माझे कान तापले. ज्या फटफटीवर ते बसणार होते ती माझी होती.

साहेबांशी त्यांचं बोलणं चाललं होतं तेव्हा करीमचाचा पंखांपाशी होते. उन्हानं कापड करकर वाजत होतं. आमच्याकडच्या वैशाखात सूत असं वाळलं की विणकर मागावरच्या ताण्यावर पाण्याचा हबका मारतात, नाही तर धागे पटापट तुटतात. त्यांच्या हाताला दुसरं काही ठाऊक नव्हतं. चाचांनी लोटा घेतला आणि डाव्या पंखावर ओंजळीओंजळीनं पाणी शिंपडलं, भरपूर, टोकापर्यंत. उजव्याकडे वळणार तेवढ्यात साहेबांच्या चपराशानं त्यांना हटकलं आणि गर्दीत मागे ढकललं. म्हणून एकच पंख भिजला. दोन्ही भिजले असते तर गाडी उचललीच नसती, धावून थांबली असती आणि लोक हसून घरी गेले असते. हे मी इतक्या वेळा मनात मांडून बघितलं आहे की आता त्यात चूक निघायची नाही.

भालेराव चढून बसले. मला म्हणाले, "एकनाथ, फेरी." मी फेरी घेतली. पुढचं चाक, साखळी, पट्टा, खटका, उजवा पंख. उजव्या कापडावर बोट मारलं, टणकन वाजलं. डाव्या बाजूला आलो. हात ठेवला तर गार लागला. कापड तळव्याखाली दबलं. खाली चाचांचा लोटा आडवा पडलेला होता. मला एका क्षणात सगळं समजलं. अर्धा तास उन्हात उभं केलं असतं तर ते पुन्हा वाळलं असतं. अर्धा तास मागायला मला एक शब्द पुरला असता.

मी मान वर केली. भालेराव माझ्याकडे बघत होते. गॉगल कपाळावर होता, अजून डोळ्यांवर घेतला नव्हता. ते बघत होते आणि थांबले होते.

मी मनात म्हटलं, पंक्चरवाल्याला काय विचारता? फार तर गाडी उचलणार नाही, चारचौघांत फजिती होईल, होऊ दे. पडेल, मोडेल, असं मनात आलं नाही, हे खरं. पण फजिती व्हावी असं आलं, हेही तेवढंच खरं. मी मोठ्यानं म्हणालो, "ठीक."

पुढचं सांगायला फार वेळ लागत नाही आणि घडायलाही लागला नाही. गाडी धावली, खटका ओढला, पंखा घुमला. उजवी बाजू उचलली, डावी उचलली नाही. डाव्या पंखाचं कापड ओल्या धोतरासारखं फडफडताना मला दिसलं. गाडी डावीकडे कलंडली, पंखाचं टोक जमिनीत घुसलं आणि सगळं त्यांच्या पायावर पालथं झालं. लोक धावले. मी जागेवरून हललो नाही. त्यांची मुलगी रसाच्या गाडीपाशी उभी होती, हातात पेला तसाच होता.

पाय गुडघ्यात मोडला होता. जोडला, पण वाकायचा थांबला. चौकशी झाली, कारण साहेबांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. कापड ओलं होतं, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. अहवालात लिहिलं की विणकराच्या अज्ञानामुळे पंख निकामी झाला, आणि अर्जदारास अशा यंत्राची जोखीम कळत नसल्यानं त्याची शिफारस करता येत नाही. खाली साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. मला विचारलं, उडण्याआधी कापड ओलं असल्याचं तुम्हाला दिसलं का? मी म्हणालो, नाही. आणि सही केली. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं.

करीमचाचा पुढे दोन महिने रोज सकाळी भालेरावांच्या खोलीवर दूध घेऊन जात. मला एकदा म्हणाले, "ताना सूखा हो तो टूटता है, बेटा. मैं तो बचा रहा था." मी मान हलवली. मला कुणी सांगितलं नव्हतं, अशी त्यांनी एका शब्दानंही तक्रार केली नाही. चाचा गेले तेव्हा मी खांदा द्यायला गेलो होतो. त्यांच्या मुलानं मला मिठी मारली. म्हणाला, अब्बांना तुम्ही कधी दोष दिला नाहीत. त्या मिठीतून सुटून घरी कसा आलो, ते माझं मला माहीत.

भालेरावांनी रोलरची नोकरी घेतली. दुसरा मार्ग नव्हता. पाय न वाकणाऱ्या माणसाला रोलर बरा पडतो, सगळं हातानं असतं. बुऱ्हाणपुराच्या रस्त्यांवर ते वर्षानुवर्षं खडी दाबत राहिले, माणसाच्या चालीनं. पोरं मागून ओरडायची, "विमान आलं, विमान आलं." मी त्यांना टाळायचो. रोलरचा आवाज आला की गॅरेजच्या आत जायचो. आणि त्याच काळात गिऱ्हाइकांना "चालवून बघा" म्हणायची सवय मला लागली. ठीक हा शब्द तोंडापर्यंत यायचा आणि तिथूनच परत फिरायचा.

मग प्रांतांची फेररचना झाली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे राहिलो आणि आमची राजधानी भोपाळ झाली. आम्हालाही सामावून घेतलं गेलं. दुकानांवरच्या पाट्या बदलल्या, कचेरीतली भाषा बदलली, भालेरावांचे कागद पुन्हा एकदा नव्या तक्त्यात चढले. रोड रोलर चालकासमोर या वेळी जागा कोरी नव्हती. तिथे सरळ रोड रोलर चालकच लिहिलेलं होतं.

त्याच सुमारास शनवाऱ्याबाहेरच्या त्या रानातून रस्ता काढायचं काम निघालं आणि रोलर तिथे उभा राहू लागला. एका दुपारी मी मन घट्ट करून गेलो. ते सावलीत भाकरी खात होते. केस पांढरे झालेले, कोट नव्हता, खाकी सदरा. मी शेजारी बसलो. म्हटलं, काका, एक सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी कापड ओलं होतं, मला हाताला लागलं होतं.

त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले. म्हणाले, "मला माहीत आहे. तुझा हात कापडावर थांबला तो मला वरून दिसला. तो नुसता फिरून पुढे गेला असता तर मला कळलंही नसतं."

"मग उतरला का नाहीत?"

"बसणाऱ्यानं म्हणायचं नसतं. तुला सांगितलं होतं ना." मग त्यांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. "मी तुला पंक्चरवाला म्हटलं होतं. मला वाटलं, त्याचा राग असेल, तरी हा बोलेल. कामात राग आणणार नाही. तेवढा मिस्तरी मी तुला केलाय, असं वाटलं. म्हणून थांबलो होतो."

क्षमा मागायला आलो होतो, ती मागता येईना. ते उठले, न वाकणारा पाय हातानं उचलून रोलरवर चढले. मग वरून माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, ते मला उन्हामुळे नीट दिसलं नाही. ते म्हणाले, "एकनाथ, फेरी."

मी फेरी घेतली. चाकं, तरफा, जोड, पाण्याची टाकी, सगळ्यांवर हात फिरवला. एकही गोष्ट सैल नव्हती. रोलर इतका जड आणि इतका धड होता की कुणालाही सांगता आलं असतं. मी समोर येऊन उभा राहिलो. ते वाट बघत होते. शेवटी मी म्हणालो, "चालवून बघा."

त्यांनी मान हलवली आणि तरफ ओढली. मी बाजूला झालो. चुन्याची खूण जिथे संपली होती, ती जागा मला नेमकी ठाऊक होती, आणि रोलर तिच्यावरून जायला फार वेळ लागला.